वाजंत्री दगड आणि पाहुण्याचे दहा रुपये

घोटमाळ गावाच्या डोक्यावर एक पठार आहे आणि त्या पठारावर एक दगड आहे. हत्तीच्या पिल्लाएवढा, काळाकुळकुळीत. थंडीचे शेवटचे दिवस आले, दुपारी ऊन चटके देऊ लागलं आणि पहाटे गोधडी सोडवेना, की हा दगड संध्याकाळी आपला आपण वाजतो. टण्ण! कुणी त्याच्यावर काही आपटत नाही. जवळ देऊळ नाही, घंटा नाही. तरीही टण्ण!

गावाने त्याचं नाव वाजंत्री ठेवलं आहे. तो का वाजतो, असं विचारलंत तर जितकी तोंडं तितकी उत्तरं मिळतील. कुणी म्हणतं, आत पोकळी आहे आणि तिच्यात वारा घुमतो. कुणी म्हणतं, गुराखी पोरं लपून खडे मारतात. गावात सगळ्यांत वडीलधाऱ्या असलेल्या ठकूबाई म्हणतात, "त्याला वाजावं वाटतंय, तो वाजतोय. तुमच्या का पोटात दुखतंय?"

दुखत होतं ते कस्तुरी भांगरेच्या पोटात. कस्तुरी सातवीत होती आणि तिला 'का?' विचारायची खोड होती. ही खोड तिने आजोबांकडून उचलली होती. तिचे आजोबा, डॉक्टर चिमाजी भांगरे, हे भूकंपशास्त्रज्ञ (जमीन का आणि कशी हादरते याचा अभ्यास करणारे). निवृत्त होऊन ते गावी परतले होते. लहानपणी ते याच पठारावर शेळ्या राखायचे. "गुरुजी, दगड वाजतो," असं त्यांनी शाळेत सांगितलं, तेव्हा अख्खा वर्ग हसला होता. पुढे त्यांनी जगभरचे भूकंप मोजले, पण स्वतःच्या गावातला दगड मोजायचा राहूनच गेला. आणि आता त्यांचे कान थकले होते. कानात यंत्र घालूनही बारीक, उंच आवाज त्यांना येत नसत. वाजंत्री वाजला की कस्तुरी त्यांचा दंड दाबायची आणि ते म्हणायचे, "वाजला का? बरं झालं." तसं म्हणताना ते दुसरीकडे बघायचे. कस्तुरीला ते अजिबात बघवत नसे. हा दगड का वाजतो, हे आजोबांना कळलंच पाहिजे, असं तिने मनाशी पक्कं ठरवलं होतं.

आता पाहुण्याकडे वळू.

ही गोष्ट थोडी पुढच्या काळातली आहे. तेव्हा टपाल उडत यायचं आणि शेतात तण काढायला रोबो असायचे. त्यातले निम्मे कायम दुरुस्तीला गेलेले असायचे, ते सोडा. त्यामुळे माघ महिन्यातल्या एका संध्याकाळी वाजंत्रीशेजारी तांब्याच्या घागरीसारखं काहीतरी तीन बारीक पायांवर बसलेलं दिसलं, तेव्हा कस्तुरी घाबरली नाही. हातोडीने ठोकून मठारलेल्या भांड्यावर असतात तसे त्याच्या अंगभर ठोके होते, पण फारच बारीक, हजारोंनी.

"नमस्कार, श्रोतेहो," ते म्हणालं. "आज हवामान कोरडं राहील."

"मी एकटीच आहे," कस्तुरी म्हणाली. "कुठून आलास?"

"लांबून, श्रोतेहो."

गावाने ठरवून टाकलं, की हा नाशिकहून आलेला पाहणीचा रोबो. तुम्हाला म्हणून सांगते, तो नाशिकचा नव्हता. तो पृथ्वीवरचाच नव्हता. आपल्या रेडिओच्या काही लहरी (डोळ्यांना न दिसणारे, आवाज वाहून नेणारे तरंग) वातावरणातून निसटून अंतराळात जातात. त्याने त्या वाटेत ऐकल्या होत्या आणि त्यावरून तो मराठी शिकला होता. आजोबांना पहिल्याच दिवशी संशय आला होता, पण ते गप्प बसले. पाहुण्याला गाव एकदा विचारावं, पुन्हा पुन्हा विचारू नये, असं त्यांचं मत होतं.

पाहुण्याचा एकच उद्योग होता. तो वाजंत्रीजवळ बसायचा, दगड वाजला की आनंदाने तिन्ही पायांवर डुलायचा आणि कस्तुरीला विचारायचा, "हे असं का होतं, श्रोतेहो?"

"तेच तर शोधायचंय!" कस्तुरी म्हणाली आणि तडक आजोबांपुढे जाऊन उभी राहिली.

आजोबांनी हिशेब सांगितला. दगडाच्या पृष्ठभागावर एक तापमापक आणि आतल्या भेगेत एक तापमापक लागेल. शिवाय एक कंपनमापक (बारीकसा थरकापही टिपणारं यंत्र) हवा, आणि तोही इतका नाजूक, की दगडावरून मुंगी चालली तरी कळावं. सगळं मिळून नऊ हजार रुपये.

"तुमच्या जुन्या संस्थेला मागू या."

"मागून झालंय, पोरी. त्यांनी विचारलं, उपयोग काय? त्यांचीही चूक नाही. त्यांच्याकडे मोठमोठे प्रश्न रांगेत उभे आहेत. मोठ्या विणीच्या जाळ्यातून लहान मासा निसटतो, तसा आपला प्रश्न निसटला."

"मग लहान मासे कुणी धरायचे?"

आजोबा हसले. "त्यासाठी लोकनिधी असतो. खूप माणसांनी थोडं थोडं देऊन उभा केलेला पैसा. शहरात त्याला क्राउडफंडिंग म्हणतात. पण त्याचे नियम पाळावे लागतात. किती हवेत आणि कशाला, ते आधीच उघड सांगायचं. तारीख ठरवायची. त्या तारखेपर्यंत ठरलेली रक्कम जमली तरच काम सुरू करायचं. नाही जमली, तर ज्याचे पैसे त्याला परत."

"सगळे परत? थोडे कमी पडले तरी?"

"तरीही. अर्ध्या पैशात अर्धा कंपनमापक येतो का?"

तारीख ठरली महाशिवरात्रीची. त्यामागे कारण होतं. होळी जळाली, थंडी पळाली, असं म्हणतात ते खोटं नाही. थंडी पळाली की वाजंत्रीही गप्प होतो. शिवरात्रीला पैसे जमले, तर होळीपर्यंत मोजायला वेळ मिळणार होता. नाहीतर थेट पुढच्या वर्षी. आणि पुढच्या वर्षी आजोबांचे कान कुठवर साथ देतील, हे कुणी सांगावं?

मग ग्रामसभा भरली. घोटमाळमध्ये पैसे फोनवरून जात असले, तरी वर्गणीचं तबक मात्र अजून फिरतं. पहिलं नाणं तबकात वाजल्याशिवाय वर्गणी सुरू झाली असं कुणी मानत नाही. कस्तुरीने धीर करून सगळं सांगितलं. तिचं बोलणं संपतंय तोवर लहानूशेठ उठलेच. पठारावर पर्यटकांसाठी तंबू लावणारे ते हेच लहानूशेठ. नाव लहानू, पण कारभार मोठा.

"नऊ हजार ना? सगळं माझ्याकडून! फकस्त यंत्रावर एक पाटी लावा, 'लहानूशेठ यांच्या सौजन्याने'. आन् ते यंत्र काय करतंय ते मला नका सांगू, मला टाइम नाही."

कस्तुरीला आभाळ ठेंगणं झालं. नेमका त्याच वेळी शेजारी बसलेल्या पाहुण्याने विचारलं, "नाणं म्हणजे काय, श्रोतेहो?" आनंदाच्या भरात कस्तुरीने स्वतःच्या वर्गणीचं दहा रुपयांचं नाणं त्याच्या हातात ठेवलं. नाणं तबकात टाकायचं असतं, हे त्याने सभेत मघाशीच ऐकलं होतं. त्याने बारीक हात लांब केला आणि नाणं तबकात टाकलं. टण्ण!

सगळ्यांच्या माना तबकाकडे वळल्या. लहानूशेठ फोनवर बोट टेकवणार होते, ते बोट हवेतच राहिलं.

आता घोटमाळची रीत तुम्हाला सांगायला हवी. तिथे कुठल्याही वर्गणीत पहिला मान पाहुण्याचा. आणि पाहुण्याने जेवढे दिले, त्याच्यावर कुणी जायचं नाही. का? तर पाहुण्याला कमीपणा वाटू नये म्हणून. एरवी गावकरी पाहुण्याशी आधी कानात बोलून आकडा ठरवून घेतात. या वेळी कुणाला तसं सुचलंच नाही. रोबो पाहुणा होऊ शकतो, हेच कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

"रोबोचा कसला आलाय मान!" लहानूशेठ म्हणाले.

"त्यानं गावात पाणी घेतलं का?" ठकूबाईंनी विचारलं.

"घेतलं," कस्तुरी रडवेल्या आवाजात म्हणाली. "आमच्याकडे. बादलीभर."

"मग पाहुणाच झाला. दहा तर दहा. मान तो मान."

लहानूशेठ दहा रुपये ठेवून तणतणत निघून गेले. नऊ हजार हवे होते आणि एका माणसाला दहाच देता येत होते. म्हणजे नऊशे माणसं हवी होती. घोटमाळची वस्ती जेमतेम तीनशे, तीही तान्ही बाळं धरून!

त्या दिवशी कस्तुरी जेवली नाही. पाहुणा तिच्याभोवती घुटमळत राहिला. "माझं काही चुकलं का, श्रोतेहो?"

"तुझं नाही, माझंच चुकलं," ती मुसमुसत म्हणाली.

आजोबा मात्र कधी नव्हे इतके खुशीत होते. "अगं, लहानूने पैसे दिले असते, पण 'मला काही सांगू नका' म्हणून. आता नऊशे जणांना सांगावं लागेल. उठ! गाव संपलं म्हणून माणसं संपली का?"

नेटवर लोकनिधीचं पान उघडायचं ठरलं. त्यावरचा मजकूर आजोबांनी लिहिला: 'बेसाल्ट खडकातील औष्णिक ताणजन्य अनुनादाचा प्राथमिक अभ्यास.' दोन दिवस झाले, तरी एक चिमणीदेखील फिरकली नाही.

"आजोबा, मला तरी कुठे कळलं!" कस्तुरी म्हणाली आणि तिने ते पुसून स्वतः लिहिलं.

'आमच्या गावात एक दगड आहे. तो संध्याकाळी आपला आपण वाजतो. का, ते कुणालाच माहीत नाही. आम्हाला शोधायचं आहे. फक्त दहा रुपये द्या, जास्त चालत नाहीत. त्यातून कुठली यंत्रं घेणार, ते खाली लिहिलं आहे. उत्तर सापडलं तर तुम्हाला सांगू. नाही सापडलं तर तेही सांगू.'

खाली तिने वाजंत्रीचा आवाज जोडला.

'जास्त चालत नाहीत' हे वाचून लोकांना हसू आलं आणि हसता हसता त्यांनी ते चार जणांना पाठवलं. कस्तुरीच्या जुन्नरच्या मावशीचे दहा रुपये आले. मग मावशीच्या शाळेतल्या मुलांचे आले. मग ज्यांना घोटमाळ नकाशावरही सापडलं नसतं, अशांचे येऊ लागले. पैशाबरोबर प्रश्नही आले. वेंगुर्ल्याच्या पाचवीतल्या एका मुलीने विचारलं, 'ढगाळ दिवशी पण वाजतो का?'

आजोबा ताडकन उठून बसले. "हे माझ्या का डोक्यात आलं नाही?"

दोनच दिवसांनी आभाळ भरून आलं. कस्तुरी आणि पाहुणा दगडापाशी बसून राहिले. वाजंत्री वाजला नाही. पुढच्या दिवशी कडक ऊन पडलं आणि संध्याकाळी टण्ण! म्हणजे गुपित उन्हात होतं. यंत्रं यायच्या आधीच पहिला धागा हाती लागला होता, आणि तो दिला होता दहा रुपये देणाऱ्या एका मुलीने.

आणि लहानूशेठ? ते रुसून बसले खरे, पण त्यांना चैन पडेना. तंबूत पर्यटक आले की ते म्हणायचे, "दहा रुपये द्या, विज्ञानाला." पर्यटक विचारायचे, "कसलं विज्ञान?" लहानूशेठना सांगता यायचं नाही. शेवटी ते गुपचूप आजोबांकडे आले.

आजोबांनी एक काशाची वाटी आणली. ती बोटांच्या टोकांवर तोलून धरली आणि चमचा मारला. टण्ण! मग तीच मुठीत गच्च धरून चमचा मारला. ठक्!

"वाजायला वस्तू मोकळी लागते, लहानू. वाजंत्रीच्या खाली वाकून बघ. तो जमिनीवर बसलेलाच नाही. तीन लहान दगडांवर टेकलाय. बोटांवर वाटी असते तसा."

"आयला! मंग चमचा कोन मारतंय?"

"तेच तर शोधायचंय," आजोबा आणि कस्तुरी एकदम म्हणाले.

त्या दिवसापासून लहानूशेठ खिशात वाटी घेऊन फिरू लागले. एकही पर्यटक दहा रुपये दिल्याशिवाय आणि वाटी वाजवल्याशिवाय पठार उतरला नाही.

शिवरात्र उजाडली. सूर्य मावळला की मुदत संपणार होती. संध्याकाळी सगळा गाव शाळेच्या ओट्यावर कस्तुरीच्या पडद्याभोवती जमला. आकडा सरकत सरकत आठशे नव्व्याण्णव माणसांवर आला आणि तिथेच अडला. एक माणूस कमी! गावात ज्याला विचारावं त्याने दिलेले. बाळांच्या नावानेही दिलेले. दोनदा देणं नियमात बसत नव्हतं. सूर्य डोंगराला टेकला. कस्तुरीला वाटलं, आता आठशे नव्व्याण्णव जणांचे पैसे परत जाणार आणि आजोबा पुन्हा म्हणणार, बरं झालं.

"एक विचारू, श्रोतेहो?" पाहुणा म्हणाला. "तुम्ही कधी दिले?"

"मी? मी तर पहिल्याच..." कस्तुरी बोलता बोलता थांबली. पहिलं नाणं तिचं होतं, पण ते पडलं होतं पाहुण्याच्या नावावर. मान त्याला मिळाला होता. सगळ्या जगाकडे मागत फिरणाऱ्या कस्तुरीने स्वतः दिलेच नव्हते!

ती अनवाणी धावली. घरातला मातीचा गल्ला तिने अंगणातच फोडला आणि दहाचं नाणं मुठीत घेऊन परत आली, तेव्हा डोंगरावर सूर्याची जेमतेम नखाएवढी कड उरली होती. नाणं तबकात पडलं. टण्ण! ओट्यावर असा गलका झाला, की झाडावरचे बगळे उडाले. लहानूशेठ तर वाटी वाजवत नाचले.

यंत्रं उडत्या टपालाने आली. होळीच्या आदल्या आठवड्यात एका संध्याकाळी सगळा गाव पठारावर गेला आणि दगडाभोवती श्वास रोखून बसला. पडद्यावर तापमानाच्या दोन रेषा होत्या. वरची रेष दगडाच्या पृष्ठभागाचं तापमान दाखवत होती. गार वारा सुटला तशी ती भराभर खाली आली. दुसरी रेष आतल्या भेगेतली. ती हलायला तयार नव्हती. दिवसभर ऊन प्यालेला दगड आतून अजून तापलेलाच होता.

"बघ," आजोबा कुजबुजले. "तापल्यावर वस्तू फुगते, गार झाली की आकसते. बाहेरचा थर आकसतोय, आतला अजून फुगलेला आहे. दोघांची ओढाताण चाललीय. याला औष्णिक ताण म्हणतात (उष्णतेतल्या फरकामुळे पडणारा ताण). आता कुठेतरी..."

कस्तुरीने आजोबांचा हात धरून कंपनमापकाच्या पट्टीवर ठेवला.

टण्ण!

पडद्यावर कंपनमापकाच्या रेषेने उंच उसळी घेतली. भेगेच्या कडेचा एक पापुद्रा केसभर सरकला होता. चमचा मारणारा तोच. आणि मोकळा तोललेला दगड घणघणून उठला होता. आजोबांच्या बोटांखाली पट्टी थरथरली, थरथरत राहिली, मग हळूहळू शांत झाली. त्यांना आवाज आला नव्हता, पण वाजंत्री त्यांच्या बोटांत पोहोचला होता.

"हाच," ते म्हणाले. "मी गुरुजींना सांगितला होता तो हाच." ते हसत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. कस्तुरीला इतका आनंद झाला, की तिने आधी आजोबांना मिठी मारली आणि मग दगडाला.

दुसऱ्याच दिवशी तिने सगळ्यांना उत्तर कळवलं. आत वारा घुमतो हा गावाचा अंदाज चुकला, हे लिहिलं. कधीकधी दगड लागोपाठ दोनदा वाजतो, ते का, हे अजून कळलेलं नाही, हेही लिहिलं. वेंगुर्ल्याच्या मुलीचं उत्तर लगेच आलं: 'मग ते शोधू या की!'

होळीच्या संध्याकाळी पाहुणा निघाला. सगळा गाव निरोपाला आला. जाण्याआधी कस्तुरीने त्याच्या अंगावरच्या ठोक्यांवरून हात फिरवला. "हे मठारकाम कुणी केलं रे?"

"हे मठारकाम नाही, श्रोतेहो. ही माणसं आहेत. म्हणजे आमच्याकडची माणसं. मला पाठवायला आमच्या मोठ्या संस्था तयार नव्हत्या. एवढ्या लांब जाऊन उपयोग काय, असं त्यांनी विचारलं. मग खूप जणांनी थोडं थोडं दिलं. ज्याने दिलं त्याचा एक ठोका."

कस्तुरीने पुन्हा निरखून बघितलं. हजारो ठोके होळीच्या उजेडात चमचमत होते, आणि सगळे एकाच मापाचे होते.

"म्हंजे तू नाशिकचा न्हाईस?" लहानूशेठनी विचारलं.

"नाही, श्रोतेहो."

"पण त्यांना काय शोधायचं होतं?" कस्तुरीने विचारलं.

"एकच प्रश्न होता. तिकडे असं कुणी आहे का, ज्याला उपयोग नसतानाही 'का?' असं विचारावंसं वाटतं?"

"मग? काय कळवलंस?"

पाहुणा तिन्ही पायांवर डुलला. "कालच कळवलं. वाजंत्रीचा आवाज पाठवला आणि खाली लिहिलं, एक शोधायला आलो होतो, नऊशे सापडले."

बोलता बोलता तो अलगद वर उचलला गेला. लहानूशेठनी तोंडाभोवती हात धरून ओरडून सांगितलं, "पाहुणं, पुढच्या टायमाला जरा मोठी रक्कम धरा बरं का!"

"गप रे," ठकूबाई म्हणाल्या. "दहाच धर रे बाबा! जास्ती धरलं असतंस तर येवढी माणसं भेटली असती का?"

कस्तुरी आणि आजोबा मान वर करून बघत राहिले. तांब्याचा ठिपका चांदण्यांत मिसळून गेला. मग कस्तुरीने आजोबांचा दंड दाबला.

"आजोबा, त्यांच्याकडे पण असा एखादा दगड असेल का?"

"कोण जाणे," आजोबा म्हणाले. "वर्गणी काढू या."